तात्यांच्या डेअरीतला लाल दिवा

सोनईच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच रामहरी तात्यांचं दूध संकलन केंद्र आहे. अठ्ठावीस वर्षांत तात्या दोनच गोष्टींसाठी ओळखले गेले, फरशी आणि आवाज. फरशी ते दोन्ही वेळा स्वतः पाइप लावून धुतात, आणि ती वाळेपर्यंत तिच्यावर पाय ठेवायची सरपंचाचीही टाप नाही. आवाजाचं म्हणाल तर, कुणाच्या दुधात पाणी निघालं की तात्या त्याला बाजूला घेऊन समजावत बसत नाहीत. रांगेसमोर, नाव घेऊन, समोरच्या टपरीपर्यंत ऐकू जाईल असं पुकारतात. सख्ख्या साडूचं नावही असंच पुकारलं होतं. साडू अजून लग्नकार्यात त्यांच्या पंगतीला बसत नाही. छबूबाईंचं पुकारलं तेव्हा 'म्हैस पावसात भिजली हुती, तिच्या अंगावरलं पानी किटलीत गळलं,' असा खुलासा बाईंनी केला होता. तो अजून कायम आहे.

राग तात्यांना जन्मजातच. पण कंपनीनं दुधाच्या कूलरला ती डबी बसवली, तेव्हापासून त्याला बसायला हक्काची जागा मिळाली. डबी दुधाचं तापमान मोजते आणि वायफायवरून कंपनीला कळवते. संपर्क असला की ॲपात हिरवा दिवा, तुटला की लाल. लाल असताना टँकरवाल्यानं दूध भरायचं नाही. संपर्क वरचेवर तुटतो म्हणून गेल्या आठवड्यात कंपनीच्या दोन सूचना येऊन गेल्या होत्या. तिसरी आली आणि कारण सांगता आलं नाही, तर चौकशी होईपर्यंत केंद्र बंद.

आणि त्या मंगळवारी सकाळी पावणेनऊलाच टँकर दारात, अन् दिवा लाल.

"दूध गार हाय," तात्या म्हणाले. "कूलरचा आकडा बघ. चार दाखवतोय."

"मला दिसतंय की तात्या," टँकरवाला कानिफनाथ म्हणाला. "पन मोबाईलला दिसत न्हाई. तो हिरवा झाल्याबिगर मला कॉक खोलता येत न्हाई."

"म्हंजी माझ्या अठ्ठावीस वर्षांपरीस तुझा मोबाईल शाना."

"माझा कुठला, कंपनीचा. धा मिनिटं थांबतो. म्होरं अजून पाच गावं हायेत."

कूलर दोन हजार लिटरचा, आत कालचं संध्याकाळचं आणि आजचं सकाळचं मिळून सोळाशे लिटर. टँकर रिकामा गेला तर संध्याकाळी ऐंशी घरांच्या किटल्या ओतायच्या कुठं? हा हिशेब तात्यांच्या कपाळावरच्या शिरेत स्पष्ट वाचता येत होता.

फॅटचं मशीन बघणारी त्यांची सून भारती मोबाईल घेऊन पुढं आली. "मामा, ह्याला विचारू. आपल्या डबीचं वायफाय हा तपासून सांगतो."

"हा कोन?"

"एआय. कंपनीनं ॲपात घातलाय. मराठी बोलतो."

"मानूस हाय?"

"न्हाई."

"मग त्याला कशाची लाज."

मोबाईलमधून गोड आवाज आला. "नमस्कार रामहरीजी. मी आपलं उपकरण तपासत आहे. कृपया थांबा."

"थांबलोच हाय. टँकरबी थांबलाय."

"उपकरण सुस्थितीत आहे. वीज सुरू आहे. वायफायचा सिग्नल आठ वाजून बत्तीस मिनिटांनी अचानक पडला आणि संपर्क तुटला. आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे."

"दिलगीर हाय म्हने. मग ये अन् उचल सोळाशे लिटर."

"राउटर एकदा पाहता का?"

राउटर होता बाहेरच्या खोलीत, फळीवर. भारती तिकडं निघाली.

"फरशी वली हाय," तात्या गरजले. भारती उंबऱ्यावरच थांबली.

आवाज मात्र थांबला नाही. "गेल्या अकरा दिवसांत रोज सकाळी साडेआठच्या आणि संध्याकाळी साडेसातच्या सुमारास असंच झालं आहे. साधारण अर्ध्या तासानं संपर्क परत येतो. त्या वेळी राउटरजवळ एखादी धातूची वस्तू येते का?"

"डेअरीत धातू न्हाई तर काय लाकडाच्या किटल्या अस्त्यात? मला शिकवतो व्हय, कालचं..." इथवर येऊन तात्यांची गाडी अडकली.

अकरा दिवसांपूर्वी फरशी धुताना पाइपाचं पाणी राउटरवर उडालं होतं. तेव्हापासून धुण्याआधी तात्या त्याच्यावर बासुंदीचं मोठं स्टीलचं पातेलं पालथं घालत, आणि फरशी वाळली की काढत. टँकर एरवी साडेनऊला येई, म्हणून कधी अडलं नव्हतं. आज तो लवकर आला होता आणि पातेलं अजून तिथंच होतं.

तात्या स्वतःच्याच ओल्या फरशीवरून, पायांचे ठसे उमटवत गेले. पातेलं उचललं. थोड्या वेळानं कानिफनाथनं मोबाईल वर धरून दाखवला. हिरवा. त्यानं पाइप जोडून कॉक खोलला.

"संपर्क परत आला आहे," आवाज म्हणाला. "तिसरी सूचना रद्द करण्यासाठी कारण नोंदवावं लागेल. काय अडचण होती?"

"काय न्हाई. आलं आपोआप."

"मामा," भारती हळूच म्हणाली, "आपोआप म्हनलं तर उद्या केंद्र बंद." ती पातेल्याकडं बघत होती. तात्या तिच्याकडं बघत नव्हते.

ते मिशीतल्या मिशीत काहीतरी पुटपुटले.

"माफ करा, आवाज स्पष्ट आला नाही. कृपया मोठ्यानं सांगा."

तात्यांना मोठ्यानं बोला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. साडूच्या वेळी लागला होता तोच आवाज लागला.

"रामहरीनं राउटरवर पातेलं पालथं घातलं हुतं. रामहरीनंच. ऐकलं का आता, का टेम्पोला भोंगा लावून सांगू?"

टपरीवाल्याच्या हातातली चहाची गाळणी तशीच राहिली.

"धन्यवाद. नोंद झाली. आणखी काही मदत हवी आहे का?"

"बंद कर त्याला," तात्या भारतीला म्हणाले, "न्हाईतर त्यालाच पातेल्याखाली घालतो."

संध्याकाळी रांगेत छबूबाई पहिल्या होत्या, नेहमीपेक्षा तासभर आधी. त्यांनी किटली ठेवली आणि फळीकडं निवांत पाहिलं. राउटरवर आता प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती.

"तात्या, म्हशीवानी पातेलंबी पावसात भिजलं हुतं का हो?"

रांग खाली बघून हसली.

"फॅट काढ गं हिची," तात्या म्हणाले. "आन् पानीबी बघ. नीट बघ."

भारतीनं नीट पाहिलं. दूध चोख होतं. पाणी थेंबभर नव्हतं, फॅट सात.

चांगलं दूध पुकारायची तात्यांच्या डेअरीत रीत नव्हती. तात्यांनी छबूबाईंकडं पाहिलं, दात आवळले, आणि छबूबाईंचं नाव अन् सात फॅट टपरीच्याही पलीकडं ऐकू जाईल असं पुकारलं. शिवी हासडावी तसं.