बुजवलेली मोरी

ये वं पोरी, फोन जरा कानाजवळ धर. पोळ्यापासून तुहा पत्ता नाही, अन् आता विचारून राहिली, "मावशी, नवीन काय?"

नवीन म्हणजे आमच्या शेजारचे भाऊजी. बोलायच्या आधी खांद्यावरचा दुपट्टा झटकते, "असं हाय पाहा" म्हणते, अन् गप्प बसते. ऐकणाऱ्याचा जीव टांगून राहते.

यंदा धान निसवला अन् वरच्या, मध्य प्रदेशातल्या गावानं पाटाचं गेट बंद केलं. आमची माणसं काठ्या घेऊन शिवेवर गेली, मागून मीही गेली. तिकडचा म्हातारा म्हणाला, "पानी दे देंगे, लेकिन तुम्हारे आगेवाले ही सब पी जाते हैं. पीछे किसको मिलता है?"

काठ्या वर झाल्या. पण बोलणार कोण? पाटावरचं पहिलं धानाचं वावर, पहिली बांधी भाऊजीचीच, अन् शेवटची माही.

भाऊजीनं दुपट्टा झटकला. "असं हाय पाहा," म्हणाले, अन् फावडं घेऊन पाटात उतरले. सगळ्यांदेखत आपल्याच बांधीत पाणी घ्यायची मोरी चिखलानं बुजवली. "अब खोलो. पहले आखरीवाले को."

गेट उघडलं, पण येत्या परवापर्यंतच, मंग पुन्हा बंद. भाऊजीचा धान पिवळा पडून राहिला. रोज सकाळी दारातून विचारते, "वहिनी, भिजली का सारी?" त्याशिवाय मोरी खोलत नाही तो माणूस.

माही बांधी अजून अर्धी कोरडी हाय. उद्या मी खोटंच "हो" म्हणणार हाय, म्हणजे गेट बंद व्हायच्या आधी त्याच्या धानाले पाणी भेटन. पण तोंडाकडं पाहूनच ओळखते ते. तू आजच्या गाडीनं ये वं बाई, मले एकटीले त्याच्यापुढं लबाडी जमत नाही.