टाकं नसलेला किल्ला

बाबांकडे एक निळी वही आहे. सह्याद्रीत चढलेल्या प्रत्येक किल्ल्याची तीत नोंद आहे: चढाई कशी, पाणी कुठे, सोबत कोण. लहानपणी मी हट्ट करायचे, तेव्हा "पुढच्या वेळी" म्हणत ते मित्रांबरोबर निघून जायचे. ती पुढची वेळ कधी आलीच नाही. पन्नाशीपर्यंत माझ्या मनात त्याची अढी होती, खोटं कशाला सांगू?

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे कॅनडात, स्कारबरोला आले. दोन्ही गुडघे बदललेले. आमच्या कॉन्डो इमारतीच्या जिन्यावर सराव करा म्हटलं, की विचारायचे, "वर जाऊन बघायचं काय?" वहीसुद्धा बॅगेतून बाहेर यायचं नाव घेईना.

गेल्या उन्हाळ्यात मला कामासाठी इंग्लंडला जायचं होतं, त्यांनाही घेऊन गेले. हॉटेलजवळ नॉर्मन किल्ल्याची पाटी होती. किल्ला म्हणताच बाबांच्या अंगात वारं शिरलं. जाऊन बघतो तर मातीची रचलेली, गवताळ टेकडी, भोवती बुजत आलेला खंदक, पलीकडे सपाट आवार, त्यात मेंढ्या. वरची लाकडी गढी केव्हाच कुजून गेली, असं पाटीवर लिहिलं होतं. माती तेवढी राहिली.

"याला किल्ला म्हणायचं? आमच्याकडे याहून मोठे उकिरडे असतात."

"मग राहू दे. चला हॉटेलवर."

"थांब गं." ते वाकले, पायथ्याच्या गवताला हात लावून तो कपाळाला लावला. मग तोच हात माझ्यापुढे केला.

दुमजली घराएवढी उंची, पण आम्हाला वीस मिनिटं लागली. वर पोचताच धापा टाकत ते पाण्याचं टाकं शोधू लागले. "बाबा, इथे कातळच नाही, टाकं कुठून असणार?" तरी त्यांनी पूर्ण फेरी मारलीच. शेवटी माझ्या बाटलीतलं पाणी प्यायले आणि हा काही वहीत लिहिण्यासारखा किल्ला नाही, असं जाहीर केलं. मला वाईट वाटलं. हसण्यावारी नेलं.

स्कारबरोला परतल्यावर एकदा त्यांना जेवायला बोलवायला गेले. ते वॉशरूममध्ये होते आणि वही टेबलावर उघडी होती. शेवटची नोंद नवी होती.

"मातीची गढी, इंग्लंड. चढाई सोपी. टाकं नाही. पाणी मुलीकडे. सोबत मुलगी. हिला आधीच न्यायला हवं होतं."