गिरणीतला व्यायाम आणि कँटीनचे पंखे

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने परळ-लालबाग पेटलेलं असताना आमच्या गिरणीच्या डायरेक्टरांना कामगारांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली. ते नुकतेच विलायतेहून परतले होते. दिवसभर मागांसमोर उभं राहून ज्यांच्या पोटऱ्या भरून यायच्या, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत व्यायाम करावा, असा हुकूम निघाला.

मी लेबर ऑफिसरांच्या हाताखाली कारकून. पहिल्या दिवशी आमचे हे साहेब शिट्टी घेऊन गिरणीच्या आवारात उतरले. व्यायामाला आम्ही दोघंच. बाकीची गिरणी डबे खात खात आमच्या बैठका बघत होती. काही उदार मंडळींनी टाळ्याही वाजवल्या.

शेवटी साहेब मागखात्याच्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, शरण गेले. हा रत्नागिरीकडचा, मिशांना तेल लावणारा माणूस. त्याने सौदा सांगितला. आमची माणसं कोकणातला बाल्या नाच करतील, त्यात सगळं अंग मोडून निघतं. पण डायरेक्टर बघायला आले की तुम्ही कँटीनसाठी पंखे मागायचे. कँटीनला वर पत्रा होता. जेवताना कालवणात घाम पडायचा. साहेबांनी शब्द दिला.

आणि मग काय विचारता, एका पायात घुंगरू बांधून माणसं अशी घुमू लागली की एरवी खाडे करणारेसुद्धा कामावर येऊ लागले.

डायरेक्टर आले, खुर्चीच्या हातावर ताल धरून बसले. त्यांना मराठी बेताचंच. रिंगणाच्या मधे बसलेल्या गाणाऱ्याला चेव चढला आणि त्याने कवन भलतीकडे वळवलं: मुंबई आमच्या घामाची, ती कुणाला देणार नाही. सगळ्या रिंगणाने ते उचलून धरलं. डायरेक्टरांचा ताल थांबला.

"मुंबईचं काय म्हणतात?"

चळवळीच्या नुसत्या उल्लेखाने ते माणसं कामावरून काढून टाकत. साहेब घाईने पुढे झाले.

"मुंबईची हवा मानवते म्हणतात."

डायरेक्टर खूश झाले. तीच संधी साधून साहेबांनी पंख्यांचा विषय काढला.

"हवा मानवते, तर पंखे कशाला?" असं म्हणून डायरेक्टर मोटारीत बसले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी आपल्या टेबलावरचा पंखा उचलला, कँटीनमध्ये नेला आणि स्वतः चालू केला. जॉबरने घास सावकाश गिळला, वाऱ्यात मिशा धरून पाहिल्या.

"एक झाला," तो म्हणाला. "बाकीचे कधी?"