खरा पोलीस कवा येते?

आमच्या सायबर कक्षात फायलींपेक्षा किस्से जास्त साचतात. फायलींना निदान कपाट आहे. किस्से माझ्या डोक्यात राहतात आणि लग्नाच्या पंगतीत कुणीतरी ते बाहेर काढायला लावतो. "हवालदार साहेब, हे मोबाइलवाले चोर इतके माजले, सरकार काई करून राह्यलं का नाई?" असं विचारतो आणि निवांत जिलेबी वाढून घेतो. अरे बाबा, ते सरकार म्हणजे मीच ना! मी, आमचे साहेब, कॉन्स्टेबल वैशाली आणि तीन कॉम्प्युटर, त्यातला एक चालू. कक्ष वर्धा जिल्ह्यात कुठेतरी आहे, एवढंच सांगतो. माझी नोकरी अजून बाकी आहे.

*

जनजागृती हे आमचं आवडतं काम, कारण त्याला कॉम्प्युटर लागत नाही. साहेबांचं भाषण ठरलेलं असतं. पोलीस कधीच फोनवर अटक करत नाहीत, फोनवर कुणी स्वतःला पोलीस म्हणवलं की कट करा. पवनारजवळच्या एका गावात भाषण संपल्यावर एक म्हातारबुवा उठले.

"खोटा पोलीस फोन करते, हे समजलं. मंग खरा काय करते?"

साहेब म्हणाले, खरा पोलीस स्वतः घरी येतो.

"कवा?"

अख्खी ग्रामसभा हसली. साहेब ग्लासभर पाणी प्यायले.

*

भाषण मात्र लोकांनी फारच मनावर घेतलं. हिंगणघाटकडच्या एका ताईंचे लुबाडलेले पैसे आम्ही वाटेतच, बँकेत अडवले. असं क्वचित घडतं, म्हणून वैशाली पेढ्यांचा विषय काढून बसली होती. फक्त ताईंची एक सही हवी होती. वैशालीनं फोन लावला. "मी पोलीस बोलते" एवढं म्हणताच कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा ताईंनी वैशालीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तिचाच नंबर हेल्पलाइनवर फ्रॉड म्हणून नोंदवून टाकला.

ती तक्रार फिरत फिरत चौकशीसाठी कुठे आली असेल? आमच्याकडे! मी चौकशी अधिकारी झालो आणि वैशालीचा जबाब घेतला. टाइपही तिनंच केला, कारण मला टायपिंग येत नाही.

*

घातपाताच्या धमक्यासुद्धा आता ई-मेलवर येतात. एका सोमवारी वैशालीनं कार्यालयाची मेल उघडली, तर त्यात गुरुवारी दुपारी इमारत उडवू, असं लिहिलेलं. तो गुरुवार होऊन चार दिवस झाले होते. आमची मेल सोमवारीच उघडते, बाकीचे दिवस नेटची जोडणी शेजारच्या शाखेकडे असते.

साहेबांनी खिडकीतून वाकून भिंत पाहिली. भिंत जागेवर होती. पण नियम म्हणजे नियम. म्हणाले, "इमारत रिकामी करा." दोन तास आम्ही सगळे कडुलिंबाखाली उभे. लोक हसत होते, मीही हसलो. पण लिहिणारा खरोखरचा निघाला असता तर?

*

आर्वीचा एक कापसाचा व्यापारी दोन नोटिसा घेऊन आला. दोन्ही पोलिसांच्या, पण त्यातली खरी कोणती, एवढंच त्याला विचारायचं होतं. एक रंगीत, जाड कागदावरची, ठसठशीत शिक्क्याची. दुसरी इतकी फिकट की अक्षरं उन्हात धरून वाचावी लागत होती. फिकट आमची. टोनरचं मागणीपत्र वर गेलंय, ते अजून वरच आहे.

साहेबांनी खोटी नोटीस बराच वेळ न्याहाळली. मग वैशालीला म्हणाले, मजकूर चांगला मांडलाय, ठेवून घे. आता आमच्या नोटिसा त्याच नमुन्यात जातात.

*

शेवटचा किस्सा इंगोले बाईंचा. बाई मला आर्वीच्या शाळेत चौथीला होत्या. आता सिंदी मेघेत एकट्या राहतात. एका सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. बाई कालपासून दार उघडत नाहीत, खिडकीतून पाहावं तर मोबाइल समोर धरूनच बसतात, स्वयंपाकघरातही तो घेऊन जातात. आम्ही समजलो. पलीकडे व्हिडिओवर कुणीतरी पोलीस बनून त्यांना 'डिजिटल अरेस्ट' केली होती. बँक उघडली की निवृत्तीचे सगळे पैसे बाई त्याला पाठवणार होत्या.

पैसे वाचले, हे आधीच सांगून टाकतो. बँकेच्या मॅनेजर मॅडमनी आमचा फोन कट केला, म्हणून वैशाली स्वतः धावत गेली. मॅडमनी बाईंना दोन तास खुर्चीवर बसवून ठेवलं, लिंक नाही म्हणून. तेवढ्यात अमरावतीहून भाचा आला आणि त्यानं मोबाइल काढून घेतला. सरकारी यंत्रणा बंद आहे, या एका खोट्यावर मात्र बाईंचा लगेच विश्वास बसला होता!

पण मला चैन पडू देत नाही, ते त्याच्या आधीचं. मी बाईंच्या दारी गेलो होतो. त्यांना पटावं म्हणून मुद्दाम पूर्ण वर्दी, टोपीसकट. बाईंनी दार उघडलं नाही, खिडकीची एक फळी उघडली. डोळे सुजलेले होते. रात्रभर झोपल्या नव्हत्या.

"बाई, मी प्रमोद. तो माणूस खोटा आहे."

"वळखलं मी तुले," बाई हळूच म्हणाल्या. "पन या मोबाइलवरच्या साहेबांनी सांगतलंच होतं, वळखीचेच लोक पाठवतीन म्हनून. तुहं कार्ड दाखव."

मी गजांतून ओळखपत्र दिलं. बाईंनी मोबाइल खिडकीकडे वळवून ते तपासायला त्याच्यासमोर धरलं. त्या भामट्याच्याच समोर! स्क्रीनवर कडक इस्त्रीची वर्दी, खांद्यावर चकाकते तारे, मागे झेंडा, उंच पाठीची खुर्ची. आमच्या साहेबांच्या खुर्चीचा एक हात तुटलेला आहे. त्यानं कार्डावरचं नाव वाचलं आणि थेट माझ्याकडे बघून आवाज चढवला.

"हवालदार प्रमोद! सावधान!"

माझ्या टाचा जुळल्या. हात टोपीला जाऊन भिडला. पंचवीस वर्षांची सवय, दुसरं काय सांगू.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. मग टेबलावरचं पासबुक उचलून पर्समध्ये ठेवलं.

"पमोद," त्या म्हणाल्या, "तू ज्याले सलाम ठोकते, त्याचं मी आयकू का तुहं आयकू?"