तात्यांचं गाऱ्हाणं आणि माझी गिटार

रत्नागिरी जिल्ह्यातला पहिल्या क्रमांकाचा रॉक गिटारिस्ट मी आहे. (दुसऱ्या क्रमांकाचा अजून कोणी सापडलेला नाही, पण त्यात माझा काय दोष?) हा मान मला सुखासुखी मिळालेला नाही. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, पावसाळ्यात गिटारला बुरशी धरते, आणि सराव करायचा तो आंब्याच्या पेट्या ठेवतात त्या खोलीत. केस खांद्यापर्यंत वाढवले, तर देवरूखच्या बाजारात एका म्हाताऱ्याने मला थांबवून काळजीने विचारलं, "नवस हाय काय रे? कधी फिटणार?"

आमच्या बँडचं नाव ‘जांभा’. बँडमध्ये आम्ही दोघं. मी गिटार आणि गाणं, आणि रत्नागिरीचा माझा मित्र इरफान ड्रमवर. आपण एक ना एक दिवस जग हलवणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना.

अण्णांचं जगाबद्दलचं मत साधं होतं. माणसाने लोट्याला, तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करावी. लोट्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी ओळख काढून माझी मुलाखतही ठरवून टाकली होती, येत्या सोमवारची.

"अण्णा, मी कलाकार आहे!"

"मग काय झालं? कंपनीत कलाकारांना पगार देत नाहीत काय?"

दोन दिवस घरात भांडी आदळली. शेवटी आईने मध्ये पडून तोड काढली. शिमग्याला अख्खा गाव जमतो, मुंबईचे चाकरमानीही येतात. पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसली की संध्याकाळी तिथे माझा कार्यक्रम करायचा. गावाने वाहवा केली, तर अण्णा लोट्याचं नाव परत काढणार नाहीत. नाही केली, तर सोमवारी केस कापून मुलाखतीला जायचं. मी ताबडतोब कबूल झालो. अहो, माझं वाजवणं ऐकल्यावर वाहवा न करणारा गाव अजून जन्माला यायचा होता!

कार्यक्रमाच्या दिवशी सगळं दृष्ट लागण्यासारखं जमलं होतं. सहाणेसमोर बाकडी जोडून स्टेज केलं. इरफानने ड्रम मांडले. मी माझा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर, ठेवला आणि पायाशी माझी पेडलं मांडली. (पेडल म्हणजे पायाने दाबायच्या लहान लहान पेट्या. त्यातून गिटारचा आवाज हवा तसा फिरवता येतो, फाडता येतो. रॉकमध्ये आवाज फाटलेलाच लागतो. लाल-हिरवे दिवे लागलेली ती रांग बघून माझं मलाच भरून येत होतं.) समोर गाव येऊन बसला होता, आणि अण्णा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून.

एवढ्यात आमची बेबीआत्या पदर खोचून स्टेजवर चढली. हातात नारळ.

"नंदू, नारळ दिलास काय रे?"

आमच्याकडे कुठलीही नवी वस्तू नारळ फोडल्याशिवाय चालू होत नाही. मोटरसायकल असो, विहिरीवरचा पंप असो की मिक्सर. मी डोळे मिटून पहिलं गाणं मनात घोळवत होतो. त्याच तंद्रीत मी, मोठ्या कलाकाराला शोभेल अशा आवाजात, म्हणालो, "दे ना आत्या. इथेच पायाशी फोड."

माझ्या पायाशी काय होतं, ते मी आत्ताच सांगितलं.

आत्याने हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि त्यातल्या त्यात टणक दिसणाऱ्या पेडलवर नारळ असा हाणला, असा हाणला, की पहिल्याच दणक्यात त्याची दोन भकलं झाली! (आत्याचा हात म्हणजे हात आहे.) पाणी पेडलांवरून ओघळत वायरच्या बोर्डात गेलं. फट्ट! एक निळी ठिणगी उडाली, ॲम्पमधून धूर आला आणि लाल-हिरवे दिवे एकेक करून मालवले.

"काय झालं गो आत्या हे!"

"शुभ झालं रे बाबा! एका फटक्यात फुटला!"

गावाने मात्र टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम इथूनच सुरू होतो. मी तारा छेडल्या, तर भिंतीवरून पाल चालावी तेवढाच आवाज. मागच्या रांगेतून एक चाकरमानी ओरडला, "आवाज वाढव!" दुसरा म्हणाला, "अरे, गिटार मुकी आहे वाटतं!" आणि हशा पिकला. अण्णांनी हाताची घडी सोडली आणि दोन बोटांची कात्री करून मला लांबूनच दाखवली. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मी रडायच्या बेतात होतो.

"घाबरतोस काय?" इरफान म्हणाला. "तो देवळाचा कर्णा आहे ना? त्याच्यात घालू."

कर्णा म्हणजे आंब्याच्या झाडाला बांधलेला जुना भोंगा. इरफानने खटपट करून माझी वायर त्याच्या मशीनला जोडली. मी जीव मुठीत धरून तारेवर हात मारला, आणि काय सांगू! झाडावरचे कावळे उडाले! असा फाटका, असा खरखरीत, असा रानटी आवाज, की ज्याच्यासाठी मी आयुष्यभर पेडलं जमवली, तो आमच्या देवळाच्या आंब्यावर लटकत होता!

पण तेवढ्या वेळात गाव कंटाळू नये म्हणून आमच्या तात्यांनी माईक हातात घेतला होता. तात्या माझे चुलते आणि गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. माईक आणि समोर गाव दिसला की त्यांना राहवतच नाही.

"बा देवा महाराजा!" तात्या गरजले. "आज ही तुझी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" गाव एका तोंडाने ओरडला.

इरफानची काठी आपसूक ड्रमवर पडली. धाड! मी त्यावर एक तुकडा ओढला.

"आंब्याचा मोहोर राखून घे रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" धाड! झँऽऽव!

"चाकरमान्यांना सुखरूप मुंबईला पोचव रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

गाव उठून उभा राहिला. म्हातारी माणसं डोलायला लागली, आत्या फुटक्या नारळाचं भकल हातात घेऊन नाचत होती. मी गुडघ्यावर बसलो, केस झटकले, डोळे मिटले. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी मी जन्माला आलो होतो! तात्या काय म्हणतायत याकडे लक्ष द्यायला मला सवड कुठली? ते थांबले की मी त्यांच्या हातातल्या माईकमध्ये तोंड घालून गावापेक्षा मोठ्याने ओरडत होतो.

"आणि ह्या आमच्या अण्णाच्या पोराला," तात्यांचा आवाज टिपेला गेला, "लोट्याला कायमचा चिकटव रे महाराजा!"

"व्हय महाराजाऽऽ!" सगळ्यात मोठा आवाज माझा. कर्ण्यातून तो पलीकडच्या वाडीपर्यंत गेला.

टाळ्या थांबता थांबेनात. मी घामाने निथळत अण्णांसमोर जाऊन उभा राहिलो.

"झाली की नाही वाहवा?"

"झाली," अण्णा म्हणाले. "मी माझा शब्द मोडणार नाही. लोट्याचं नाव मी काढत नाही. पण तू देवासमोर आपल्या तोंडाने व्हय म्हणालायस. आता देवाचा आणि तुझा काय तो व्यवहार."

सोमवारी मी मुलाखतीला गेलो. साहेब मोबाईलमध्ये डोकं खुपसून हसत होते. माझा अर्ज बघून त्यांनी एकदम मान वर केली.

"तुम्ही याच गावचे काय हो? हे बघा, कोणीतरी पाठवलंय. मी सकाळपासून दहा वेळा बघितलं!"

मोबाईलवर आमचा कार्यक्रम! माझी छाती फुगली. मी नम्रपणे म्हणालो, "त्यातला गिटार वाजवणारा मीच."

"गिटार?" साहेबांनी चष्मा सारखा केला. "कुठे आहे गिटार?"

मी वाकून पाहिलं. चित्रात फेटा बांधलेले तात्याच तात्या होते. त्यांच्या काखेतून माझ्या गिटारचं टोक छत्रीच्या दांडीसारखं डोकावत होतं.

"ते फेटेवाले तुमचे कोण?"

"चुलते."

"मग नोकरीचं राहू द्या हो! आमच्या कंपनीची पूजा आहे, त्यांची तारीख मिळेल काय?"

तारीख मिळाली. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत नाव झालं आणि आता वर्षभर लोट्याला आमचे कार्यक्रम असतात. कर्णा आम्ही सोबत नेतो. नारळ आत्या फोडते, पण स्टेजखाली. हौस म्हणून सुरू केलेल्या वाजवण्यावर मी आज ताठ मानेने घर चालवतो, याचा मला मनापासून अभिमान आहे. अण्णांनाही आहे. परवाच देवळात त्यांच्या मित्राने विचारलं, "काय अण्णा, पोरगा कुठे असतो हल्ली?"

"लोट्याला," अण्णा ऐटीत म्हणाले.

"वा! काय करतो?"

"तात्याच्या मागे उभा राहतो."