एकशे अठ्ठेचाळीस पंख्यांचं कॉलेज

गेल्या जूनमध्ये मी एका इंजिनियरिंग कॉलेजची तपासणी केली. मी अधिकारी नाही, इंजिनियरिंगशी माझा काही संबंध नाही, आणि मला तिथं कोणी पाठवलंही नव्हतं. पण तपासणी चांगली झाली.

मी एका वखारीत साठा तपासतो. कागदावर पोती किती आणि गोदामात किती, एवढंच पाहायचं. एकवीस वर्षं हेच काम केल्यावर माणसाची अशी पक्की समजूत होते, की जे मोजलं नाही ते नाहीच. त्यामुळे आमच्या अनुजाला प्रवेश परीक्षेत ९१.३७ पर्सेंटाइल मिळाले आणि कॉलेज निवडायची वेळ आली, तेव्हा मी तक्ता केला. वीस मुद्दे, प्रत्येकी पाच गुण. पंखे, कूलर, पिण्याचं पाणी, पुस्तकं, संगणक, नागपुरातल्या हुडकेश्वरच्या आमच्या घरापासूनचं अंतर, संडासाच्या दाराला आतून कडी लागते का (हा मुद्दा कोणत्याही माहितीपुस्तकात नसतो!), असं सगळं.

अनुजानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"बाबा, शिकवतात कसं, याचा रकाना कुठं आहे?"

"ते मोजता येत नाही."

"मंग?"

"मंग ते नाही."

तिला शहरातलं जुनं कॉलेज हवं होतं, आणि तिथली कॉम्प्युटरची शाखा. मागच्या वर्षी तिथली शेवटची जागा ९१.२० वर गेली होती. म्हणजे फरक फक्त सतरा शतांशांचा! एवढ्याशा फटीतून माझ्या मुलीला आत जायचं होतं. आम्ही ते कॉलेज पाहून आलो. एका खोलीत सहा पंखे, त्यातले दोन बंद. नळाला चिंधी बांधलेली. पायऱ्यांवर एक सर चार पोरांना घेऊन बसले होते आणि खडूनं फरशीवरच काहीतरी समजावून सांगत होते. अनुजा तिथं वीस मिनिटं उभी राहून ऐकत होती. मी तक्त्यात लिहिलं, 'फरशीवर लिखाण', आणि स्वच्छतेचा एक गुण कापला. एकूण गुण एक्केचाळीस.

दुसरं कॉलेज शहराबाहेर, हायवेला लागून. तिकडे जायला माझा साळा प्रभाकर नरखेडहून मित्राची पांढरी जीप घेऊन आला. पांढरा सदरा, काळा चष्मा, आणि संत्र्याचा बगीचा असलेल्या माणसाचा तो एक निवांतपणा. माझ्या हातात फाइल, खिशाला दोन पेनं, कमरेला मोजपट्टी. बायकोच्या हातात रजिस्टर, कारण मी आकडा सांगणार आणि ती लिहिणार, असं ठरलं होतं. अनुजा आमच्या मागून.

(त्या दिवशी त्या कॉलेजात तपासणी समिती यायची होती. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो. मी जितका मूर्ख होतो तितकं तुम्ही असायचं काही कारण नाही.)

चौकीदारानं जीप पाहिली, फाइल पाहिली आणि सलाम ठोकला. मीही ठोकला. परक्या ठिकाणी नम्र असावं! तेवढ्यात प्राचार्य धावतच आले.

"साहेब, इतक्या सकाळी?"

"उन्हाच्या आत उरकावं म्हटलं."

"हाव हाव, बरोबर आहे. आधी नाश्ता घेऊ न?"

"आधी पंखे," मी म्हणालो.

प्राचार्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, त्यांनाही भूक लागली असेल.

मी एकेका खोलीत जाऊन एकेक बटण दाबलं. पंखा नुसता असून चालत नाही, फिरला पाहिजे! एका खोलीत एक फिरला नाही. मी 'एक बंद' म्हणायला मागे वळलो, तर दारात शिडी घेऊन माणूस उभा! केवढी ही तत्परता! एकूण पंखे एकशे अठ्ठेचाळीस, सगळे चालू. पहिल्या मजल्यावर बारा कूलर. दुसऱ्या मजल्यावर जाण्याआधी प्राचार्यांनी मला आग्रहानं चहा पाजला, तोही सावकाश. मग वर गेलो, तर तिथंही बारा कूलर, आणि गंमत म्हणजे तिथल्याही तिसऱ्या कूलरला उजव्या बाजूला पोचा! मी बायकोला सांगितलं, "लिही, चोवीस. सगळे एकाच बनावटीचे."

"अवो, हा पोचा मी खाली पाहिला," ती कुजबुजली.

"एकाच ट्रकमधून आले असतील. तू फक्त आकडा लिही."

ग्रंथालयात पुस्तकं इतकी जपलेली, की अजून दोरीच्या गठ्ठ्यांतच होती. जपणुकीचे पाचपैकी पाच!

"साहेब," प्राचार्य हळूच म्हणाले, "ते जीपमधले साहेब उतरत नाही का?"

"ते नाही येत. त्यांना इंजिनियरिंगमधलं काही कळत नाही."

"समजलो," प्राचार्य म्हणाले, आणि काजू घातलेल्या उपम्याची मोठी प्लेट जीपकडे रवाना झाली.

"आणि या मॅडम?" त्यांनी अनुजाकडे पाहिलं.

"अहो, हिच्यासाठीच तर हे सगळं चाललंय!"

प्राचार्यांनी अनुजाला स्वतःची खुर्ची दिली. ती काही तिथं बसली नाही. बाहेर एका मुलीशी बोलत उभी राहिली. जाताना मला अभिप्रायाच्या वहीत लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'सर्व वस्तू मोजल्या, चालू स्थितीत आढळल्या', आणि खाली सही करून फोन नंबर टाकला. नंबर न टाकता सही करणं मला पटत नाही. एकूण गुण चौऱ्याण्णव!

घरी येईपर्यंत मी जीपमध्ये 'चौऱ्याण्णव' हा शब्द किती वेळा म्हणालो, ते मोजलं नाही.

प्रवेशाचा एक नियम असा आहे: पसंतीक्रमात पहिलं लिहिलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत मिळालं, तर तीच जागा पक्की. पुढच्या फेऱ्यांची दारं बंद. त्यामुळे पहिल्या ओळीत काय लिहायचं, यावर पोरांची चार वर्षं ठरतात. मी नवं कॉलेज पहिलं टाकलं, जुनं दुसरं.

"बाबा, मले जुनं पाहिजे," अनुजा म्हणाली.

"अगं, चौऱ्याण्णव कुठं अन् एक्केचाळीस कुठं! यात तुझं-माझं काही नाही. हा तक्ता आहे."

मी अर्ज सेव्ह केला, त्याची प्रत काढली, फाइलला लावली. शेवटच्या तारखेला वखारीतून फोन केला, "अनु, अर्ज लॉक केला?"

"केला बाबा."

मी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता एक दिवस टिकला.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "साहेब, मी प्राचार्य बोलून राहिलो. काल आमच्याकडे समिती आली होती."

"वा! कशी झाली तपासणी?"

"ते सोडा. समिती काल आली, तर मंग त्या दिवशी आलते ते तुम्ही कोण?"

"मी एका मुलीचा बाप."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "नुसते बाप?"

"हो, नुसता बाप."

"आन् जीपमधले?"

"तो माझा साळा."

"अरे बाप्पा! त्यांनी तीन प्लेटा उपमा खाल्ला!" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटरनं थेट ते कॉलेज गाठलं. चौकीदारानं सलाम केला नाही. पहिल्या खोलीत दहा बटणं दाबली, एक पंखा फिरला, तोही कुरकुरत. कूलर एकही नाही, त्यांच्या जागी फरशीवर चौकोनी डाग. संगणकाच्या खोलीला कुलूप. मी पायरीवर बसून पुन्हा गुण दिले. सत्तावीस! आणि अर्ज लॉक झालेला, म्हणजे आता क्रम बदलता येत नाही, आणि प्रवेशाच्या यादीला अजून आठ दिवस.

ते आठ दिवस मी कसे काढले, ते सांगता येणार नाही. घरात कोणाला काही बोललो नाही. बोलायचं तरी काय? वखारीत एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी चाळीस पोती कमी भरली. दुसऱ्यांदा मोजली, तर साठ जास्त! आता माझी प्रार्थनाही उलटी झाली होती. सगळ्या नागपुरातले आईबाप पोरांना पहिली पसंती मिळू दे म्हणत होते, आणि मी एकटा हात जोडून म्हणत होतो, माझ्या पोरीला पहिली पसंती देऊ नको रे बाबा!

चौथ्या दिवशी मी अनुजाला म्हटलं, "एक वर्ष थांबली तर काय होते वं? परीक्षा पुन्हा दे, मंग पाहू."

"काहून बाबा?"

"काही नाही. वर्ष म्हणजे तरी काय, तीनशे पासष्टच दिवस."

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि आईला म्हणाली, "बाबाचं बीपी पाहून घे न एकदा."

यादीच्या दिवशी दुपारी प्रभाकरही आला. साइट उघडत नव्हती. पडद्यावर ते गोल गोल फिरत होतं. (त्या कॉलेजातल्या पंख्यांपेक्षा बरं फिरत होतं.) मला राहवलं नाही.

"अनु, मी तुझं वाटोळं केलं," मी म्हणालो, आणि फोन, समिती, कूलर, सत्तावीस गुण, सगळं सांगून टाकलं. तेवढ्यात पान उघडलं. अनुजानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. जुनं कॉलेज, कॉम्प्युटर शाखा. शेवटची जागा ९१.३१ ला. सहा शतांश राखून आमची पोरगी आत! आणि पुढच्या रकान्यात, पसंतीक्रम: एक.

"साइट चुकली!" मी ओरडलो.

"साइट नाही चुकली बाबा. लॉक करायचा ओटीपी माझ्या फोनवर येतो. मी आधी क्रम बदलला, मंग लॉक केला."

"पण मी तुला विचारलं होतं!"

"तुम्ही विचारलं, लॉक केला का. मी म्हटलं, केला. कोणत्या क्रमानं, हे कुठं विचारलं?"

एकशे अठ्ठेचाळीस बटणं दाबणाऱ्या माणसानं हा एक प्रश्न विचारला नव्हता.

"तिथली एक मुलगी मले म्हणे, आज तपासणी आहे म्हणून पंखे फिरून राहिले, उद्या फिरले तर माझं नाव बदलजो," अनुजा म्हणाली. "मी जीपमध्येच सांगणार होती. पण तुम्ही इतके खूश होते! आणि तसंही मले जुनंच पाहिजे होतं, ते सर आहेत न तिथं, पायऱ्यांवरचे."

मी बायकोकडे वळलो. "तुला माहीत होतं?"

"ओटीपी मीच वाचून दाखवला तिले. तिच्या हाताले पीठ लागलं होतं."

"अन् आठ दिवस माझे हे हाल दिसले नाही?"

"अवो, तुम्ही तर पोरगी बालवाडीत होती तवापासून निकालाच्या आधी असेच राहता. आम्हाले काय माहीत, या वेळी खरं कारण आहे म्हणून!"

राहिला प्रभाकर. तो चष्मा पुसत म्हणाला, "भाऊजी, मले तर चौकीदारानं गेटवरच सांगितलं होतं, की साहेब लोक म्हणून सलाम मारला."

"मंग बोलला काहून नाही गा?"

"बोलणार होतो न. पण तेवढ्यात उपमा आला."

अनुजा आता त्या जुन्या कॉलेजात जाते आणि आनंदात आहे. तिच्या प्रवेशात माझा वाटा नेमका किती, हे मी नीट बसून काढलं. निर्णयात शून्य टक्के, काळजीत शंभर टक्के. बेरीज दोनदा तपासली, बरोबर आहे.