मल्हारने आधी जेवावे

पाचगणीचा घाट उतरून वाईकडे येताना 'ओसरी' नावाचे एक निवासगृह लागते. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध माणसे तेथे राहतात. माझे थोरले बंधू तेथे असल्याने दर गुरुवारी माझे जाणे होते. बंधूंना माझे नाव आठवत नाही, तेथील तरुण सेवक मल्हारचेही आठवत नाही. परंतु दाढी करून घ्यायची ती मल्हारच्याच हातून, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

मल्हार मूळचा आटपाडीकडचा. त्याचे वडील धुळा हे मेंढपाळ. वर्षातील बरेच महिने कळप घेऊन फिरतीवर असतात. मल्हारने बारावीनंतर सांगलीत रुग्णसेवेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तो 'ओसरी'त नोकरीस लागला. वडिलांना ते पटावयास वेळ लागला.

"मेंढरं राखायची सोडून म्हातारी माणसं राखाय गेलास व्हय रं?" असे ते फोनवर विचारीत. "मेंढरं लोकर तरी देत्यात. ही काय देत्यात?"

"पगार देत्यात की, आबा. कवा कवा शिव्या बी देत्यात."

"मग घरीच ऱ्हायाचं हुतं. शिव्या मी बी दिल्या असत्या."

'ओसरी'ची कार्यपद्धती अशी की, प्रत्येक वृद्धाची जबाबदारी एका सेवकाकडे सोपवलेली असते. त्या व्यक्तीच्या सवयी जाणून घ्यायच्या आणि दिवसाची आखणी त्या सवयींप्रमाणे करावयाची. मल्हारकडे प्रथमच सोपवल्या गेल्या त्या राजेश्वरीबाई. कराडकडील ऊसवाल्या घराण्यातील. यजमान सैन्यात होते आणि बाईंनी स्वतः निवृत्तीपर्यंत पाचगणीच्या एका निवासी शाळेत मेट्रन म्हणून काम केले होते.

येथे आल्यावर काही आठवड्यांतच बाईंनी जेवण सोडले. त्या ताटासमोर बसत, चमचा सरळ करीत, सभोवार पाहत आणि उठून जात. अंगावरचे पोलके ढगळ दिसू लागले. डॉक्टरांनी सांगितले की, रविवारपर्यंत फरक न पडल्यास पुण्याच्या रुग्णालयात न्यावे लागेल आणि नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागेल. त्यांचा मुलगा राजवर्धन सैन्यातून रजा काढून रविवारी येणार होता. तशा अवस्थेत गेलेल्या बाई 'ओसरी'त परत येणे कठीण, हे मल्हारला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

त्याने सर्व उपाय केले. वांग्याचे भरीत करवून घेतले, खिडकीजवळची जागा दिली, घरचे ताट मागवले. दररोज दुपारी संभाषण मात्र एकच होई.

"आवं आज्जी, दोन घास खावा की."

"तू जेवलास का?"

"न्हाई अजून. तुमचं झालं की जेवतो."

"मग जा, जेव."

"तुमी आधी."

यावर बाई ताट दूर सारीत.

मल्हारच्या घरची रीत अशी की, रानात कळप बसला आणि भाकरी भाजून झाली की पहिला घास घरातील सर्वांत वडील माणसाने घ्यावयाचा. तोवर धाकट्याने भाकरी मोडावयाची नाही. ती रीत तो येथेही निष्ठेने पाळीत होता आणि बाईंच्या उपवासाबरोबर त्याचाही उपवास घडत होता. दर गुरुवारी ते पाहून मी त्याच्या संस्कारांचे कौतुकच करीत आलो होतो.

त्या आठवड्यातील गुरुवारी तो जिन्यात भिंतीला टेकून उभा असलेला व्यवस्थापिका सोनियाताईंना दिसला.

"चक्कर आली? जेवलास कधी?"

"आज्जीच जेवल्या न्हाईत, ताई."

"मल्हार, उपाशी राहणारं एक माणूस मला पुरे आहे. चल, माझ्यासमोर जेव."

सेवकांनी स्वयंपाकघरात जेवावे असा नियम होता; परंतु तेथे धुण्याचे काम चालू असल्याने ताईंनी त्याला भोजनगृहाच्या टोकाला बसवले. वडीलधाऱ्या माणसाच्या आधी जेवण्याचा संकोच वाटून त्याने बाईंकडे पाठ केली आणि मान खाली घालून तो घाईघाईने घास गिळू लागला.

मागे खुर्ची सरकली. राजेश्वरीबाई उठल्या, वाढपाच्या टेबलाशी गेल्या आणि आमटीचे भांडे व पळी घेऊन थेट त्याच्यापाशी आल्या.

"पाठ करून कोण जेवतं रे? इकडे तोंड कर. आमटी घे."

"बास, आज्जी."

"वाढत्या अंगाला बास म्हणायचं नाही. आणि ताटात काही टाकायचं नाही."

त्याचे ताट स्वच्छ होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी भोजनगृहावर नजर फिरवली. "अजून कोण राहिलंय?"

माझ्या बंधूंनी हात वर केला. त्यांचे नुकतेच जेवण झाले होते. तरी त्यांना आमटी मिळाली.

"आता कोणी राहिलं नाही, बाई," सोनियाताई म्हणाल्या.

तेव्हा बाई आपल्या जागी बसल्या, ताट पुढे ओढले आणि म्हणाल्या, "भात गार झालाय. गरम आणा." आणि त्या जेवल्या.

शेवटच्या मुलाचे पोट भरल्याखेरीज मेट्रनने ताटावर बसावयाचे नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा शिरस्ता होता. त्या मेट्रन होत्या हे आम्हां सर्वांस ठाऊक होते; त्याचा अर्थ मात्र कोणाच्याच ध्यानी आला नव्हता.

"म्हंजे आज्जीस्नी मीच उपाशी ठेवलं की," मल्हार हसत म्हणाला.

"आणि त्यांनी तुला," ताई म्हणाल्या.

रविवारी राजवर्धन पुण्याला नेण्याची बॅग घेऊन आला. बाईंनी त्याला ओळखले नाही. पंगतीला मात्र बसवले.

"कोणत्या वर्गातला तू?"

"दहावीतला, बाई," तो म्हणाला.

"मग अजून एक पोळी घे."

त्याच्या मागोमाग बाई पोटभर जेवल्या. बॅग त्याने तशीच परत नेली.

त्यानंतर 'ओसरी'चा नियम बदलला. आता सेवक वृद्धांसोबत भोजनगृहातच जेवतात आणि मल्हार सर्वांत आधी. तो नोकरीत कायम झाला. आज संपूर्ण मजल्याची व्यवस्था त्याच्याकडे आहे. लोणंद, आटपाडीकडून येणाऱ्या नवीन सेवकांना तोच शिकवतो.

गेल्या महिन्यात धुळा मुलाचे काम पाहण्यास आले. राजेश्वरीबाईंनी त्यांना बसवून ताट वाढले. धुळांनी हात जोडले आणि ते अदबीने म्हणाले, "आधी तुमी घ्या, बाई."

बाईंच्या कपाळावर आठी उमटली. मल्हार लगबगीने वडिलांजवळ आला. "आबा, गप जेवा."

धुळांनी एकदा मुलाकडे आणि एकदा बाईंच्या हातातील पळीकडे पाहिले व भाकरी मोडली.

"लय कडक बाई हाय रं," ते घास चावता चावता म्हणाले. "ह्यांच्यापरीस मेंढरं बरी." आणि त्यांनी आमटीसाठी वाटी पुढे केली.